द्रवणांकाचा कोरा रकाना
वडोदऱ्याच्या एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत मी अनेक वर्षे द्रवणांक मोजले. भेसळ असली की पदार्थ ठरल्या अंशाआधीच वितळू लागतो. पण ठरलेला अंश तर माहीत हवा! डांबरगोळीतल्या नॅप्थलीनचा 80 अंश सेल्सिअस कुठेही सापडतो. अनोळखी संयुगांपुढे मात्र रकाना कोरा, नाहीतर दोन पुस्तकांत दोन आकडे.

फिलाडेल्फियाच्या ड्रेक्सेल विद्यापीठातले ब्रॅडली यांनी सहकाऱ्यांसह हे विखुरलेले आकडे गोळा केले, ताडून पाहिले आणि सर्वांना खुले केले. 2011 मध्ये अल्फा एसर या रसायनविक्रेत्या कंपनीनेही आपले आकडे मोकळे केले. ब्रॅडली 2014 मध्ये गेले. संग्रह आजही फुकट वापरता येतो.

आमच्या कपाटांतल्या वह्यांत असे कितीतरी आकडे पडून आहेत. कंपनीची गुपिते राहू द्यात, पण बाजारात मिळणाऱ्या साध्या संयुगांचे काय?