एका वाड्यात दोन बोकड

संगमनेरी शेळी ही अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्याची नामांकित जात होय. दूध आणि मांस या दोन्हींसाठी ती पाळली जाते. राहुरी येथील महात्मा फुले कृषी विद्यापीठाने या जातीच्या सुधारणेचे काम केलेले आहे. कळप सुधारावयाचा तर पैदाशीचा बोकड उत्तम पाहिजे, आणि नात्यातील पैदास टाळण्यासाठी तो साधारणपणे दर दोन वर्षांनी बदललाही पाहिजे. २५ ते ३० शेळ्यांस एक बोकड पुरतो. परंतु जुना विकला जाण्यापूर्वीच नवा दारात येतो, अथवा कळप वाढल्यामुळे दोन ठेवणे भाग पडते. आणि येथेच तंट्यास प्रारंभ होतो.

बोकडांची झुंज म्हणजे खोडसाळपणा नव्हे. कळपात वरचढ कोण, हे ठरविण्याची ती त्यांची रीत आहे. एकदा हे ठरले की दुबळा बोकड बाजूस सरतो व टकरा कमी होतात. दोघांच्या वयात व वजनात बरेच अंतर असल्यास निकाल लवकर लागतो. दोघे तोलामोलाचे असल्यास झुंज लांबते व इजा अधिक होते. शेजारी माजावर आलेली शेळी असेल तर मिटलेले भांडणही पुन्हा पेटते. लहानपणापासून एकत्र वाढलेले दोन बोकडही काही दिवस वेगळे ठेवून परत आणले, तर एकमेकांस परके समजून भिडतात. हे पाळणाऱ्यांच्या पुष्कळदा ध्यानात येत नाही.

नवा बोकड आणल्यावर त्यास प्रथम दोन ते तीन आठवडे कळपापासून दूर ठेवावे. पीपीआरसारखे रोग बाजारातून घरी येऊ नयेत म्हणून हे अवश्य केले पाहिजेच. त्यानंतर दोघांची गाठ जुन्या बोकडाच्या जागेत न घालता, दोघांसही नव्या अशा मोकळ्या आवारात घालावी. वेळ सकाळची असावी, दोघांचे पोट भरलेले असावे, आणि आसपास माजावरील शेळी नसावी. आवारात अडचणीचा कोपरा ठेवू नये; हरलेल्यास पळण्यास वाट पाहिजे. गव्हाणी व पाण्याची भांडी दोन असावीत व ती एकमेकांपासून दूर मांडावीत. दोघांना जवळजवळ दाव्याने बांधणे तर अत्यंत घातक आहे. बांधलेल्या जनावरास माघार घेता येत नाही व दावी गुंतून गळफास बसतो.

येथे मेंढ्यांची गोष्ट निराळी आहे, आणि पारनेर-संगमनेर भागात शेळ्या-मेंढ्या एकत्र पाळणाऱ्यांनी ती नीट समजून घ्यावी. एडका मागे सरकून धाव घेतो व समोरून धडक देतो. म्हणून दोन एडक्यांची ओळख करून देताना त्यांना एक-दोन दिवस अशा अरुंद जागेत ठेवतात की धाव घेण्यास वावच मिळू नये. पाणी व सावली मात्र पाहिजे. उन्हाळ्यात हा उपाय टाळलेलाच बरा. याउलट बोकड मागील पायांवर उभा राहून वरून डोके आपटतो. यामुळे एडका व बोकड एका वाड्यात कधीही कोंडू नयेत. बोकड उभा राहतो न राहतो तोच एडक्याची धडक त्याच्या उघड्या पोटावर किंवा बरगड्यांवर बसते, आणि असा बोकड दगावू शकतो.

आठवडाभरातही झुंज थांबली नाही तर हट्ट सोडून दोघांस वेगळे करावे. एकट्या बोकडास छपराखाली सुमारे ३५ चौरस फूट जागा द्यावी. मधला आडोसा भक्कम असावा. काटक्यांचे कूड बोकड एका दिवसात मोडतो. दगडमातीची भिंत घातल्यास एकमेकांचे दर्शनही होत नाही व डोके आपटणे थांबते.

पैदाशीस न लागणारी करडे तीन महिन्यांच्या सुमारास माद्यांपासून वेगळी करावीत व बर्डिझो चिमट्याने पशुवैद्यकाकडून त्यांचे खच्चीकरण करून घ्यावे. बकरी ईदसाठी वाढविलेले नर मात्र बहुधा तसेच ठेवले जातात, कारण पुष्कळ गिऱ्हाइके अखंड बोकड मागतात. असे नर झुंडीने ठेवणाऱ्यांचे नुकसान झुंजीत सर्वांत मोठे होते. मुळापासून शिंग मोडलेला, डोळा गेलेला अथवा लंगडा झालेला बोकड कुर्बानीसाठी घेतला जात नाही. वर्षभराचा चारा व मेहनत एका टकरीत जाते. अशांचे वयावारी व वजनावारी लहान गट करावेत, आणि गट जमल्यावर त्यात नवा नर घालू नये. करडांच्या कपाळास हात लावून मुले त्यांच्याशी टकरा खेळतात. तो खेळ बंद करावा, कारण तेच करडू मोठेपणी माणसाच्या अंगावर येते.

झुंज चालू असताना मध्ये हात घालू नये, शिंगेही धरू नयेत. रुंद फळी आडवी घालावी किंवा तोंडावर बादलीभर पाणी फेकावे. नंतर दोघांस सावलीत वेगवेगळे बांधून शिंगांची मुळे, डोळे, पाय व वृषणे तपासावीत. जखम पोटॅशियम परमँगनेटच्या फिकट द्रावणाने धुवावी. पावसाळ्यात जखमेत अळ्या पडतात. तेव्हा टर्पेंटाईनचा बोळा ठेवून अळ्या काढाव्यात व जखमेभोवती कडुलिंबाचे तेल लावावे. शिंगाच्या मुळाशी खोल जखम असेल तर धनुर्वाताच्या लसीविषयी दवाखान्यात विचारावे. जनावर मान वाकडी धरीत असेल, गोल फिरत असेल किंवा सुस्त पडले असेल तर मेंदूस मार लागल्याचा संभव असतो. अशा वेळी तोंडातून काढा किंवा पाणी पाजू नये, ते फुफ्फुसात जाते; पशुवैद्यकास तत्काळ बोलवावे.