जुन्या पिकअपची घरगुती दुरुस्ती: ब्रेक आधी, रंग नंतर

अमेरिकेत शेव्हरोलेने 1967 ते 1972 या मॉडेल-वर्षांत विकलेला सी-10 हा पिकअप, म्हणजे पुढे केबिन आणि मागे उघडा हौदा असलेला अर्ध्या टनाच्या वर्गातील हलका ट्रक, मुळात शेतमाल आणि बांधकामाचे सामान वाहण्यासाठी बनला होता. आज तो तेथील हौशी मंडळींच्या घरगुती गॅरेजमध्ये मोठ्या आस्थेने जपला जातो. त्याची केबिन आणि हौदा चासीवर, म्हणजे सगळा भार पेलणाऱ्या पोलादी सांगाड्यावर, बोल्टने बसवलेले असल्यामुळे सुटे करता येतात. इंधन व हवा यांचे मिश्रण कार्बोरेटर करतो आणि ठिणगीची वेळ संगणकाऐवजी डिस्ट्रिब्युटरमधील पॉइंट साधतात, त्यामुळे बहुतेक दोष पाने, साधी मापके आणि चिकाटी यांच्या बळावर शोधता येतात.

अशा ट्रकाचे काम रंगापासून सुरू करण्याचा मोह स्वाभाविक असला, तरी पहिला हक्क ब्रेकचा आहे. 1967 पासून या ट्रकांना दुहेरी मास्टर सिलिंडर मिळाला, म्हणजे पेडलचा दाब पुढच्या व मागच्या चाकांकडे स्वतंत्र नळ्यांतून जाऊ लागला आणि एका बाजूला गळती झाली तरी दुसरी बाजू शाबूत राहू लागली. त्याआधीच्या ट्रकांत एकच नळी फुटली की चारही चाकांचे ब्रेक जात. तरीही पन्नास वर्षांच्या रबरी नळ्या आणि गंजलेल्या धातूच्या नळ्या बदलाव्याच लागतात. जुन्या ब्रेक लायनिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकते, म्हणून ड्रममधील धूळ हवेच्या झोताने कधीही उडवू नये, ती ओल्या फडक्याने टिपून घ्यावी. शिवाय नेहमीचे ब्रेक ऑइल सांडले तर रंग सोलून निघतो, हेही रंगकाम शेवटी ठेवण्याचे एक व्यवहारी कारण आहे.

बदल करण्याची खरी परीक्षा मात्र पुढे असते, कारण यंत्रातला एक भाग बदलला की शेजारचा भागही बदल मागतो. पुढच्या चाकांना डिस्क ब्रेक 1971 मध्ये आले. त्यामुळे आधीच्या ट्रकाचे मालक नंतरच्या ट्रकाचे स्पिंडल व डिस्क आणून बसवतात. परंतु त्याच वर्षी सी-10 च्या चाकांचे सहा बोल्ट जाऊन पाच आले असल्याने पुढे पाच आणि मागे सहा अशी जोडी होते, एकच स्टेपनी दोन्हीकडे चालत नाही आणि अखेर मागच्या ॲक्सलचेही काम निघते. ट्रक जमिनीलगत बसवण्याच्या लोकप्रिय प्रकारातही हेच घडते: मागची बाजू फार खाली आणली, तर धक्का बसताच ॲक्सल चासीवर आदळतो, ते टाळण्यासाठी चासीला अर्धवर्तुळाकार खाच पाडून तेथे जाड पोलादाचा आधार द्यावा लागतो. भार पेलणाऱ्या पोलादालाच हात घालणारे हे काम वेल्डिंगचा पक्का सराव नसलेल्याने करू नये. भारतात तर 1988 च्या मोटार वाहन कायद्याचे कलम 52, नोंदणीतील तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलापासून वेगळे पडतील अशा फेरफारांना मज्जाव करते, त्यामुळे येथील जुन्या गाडीच्या मालकाने हे प्रयोग जसेच्या तसे उचलू नयेत.

गंज हा या ट्रकांचा सर्वांत चिवट शत्रू असून तो केबिनच्या मागच्या खालच्या कोपऱ्यांत, दाराखालच्या पट्टीत आणि पायाखालच्या पत्र्यात, म्हणजे चिखल व पाणी अडते तेथे, आतून वाढतो. त्यावर पुट्टी भरून रंग मारल्यास तो झाकला जातो, थांबत नाही. निरोगी पत्रा लागेपर्यंत कापून नवा तुकडा जोडावा लागतो आणि उष्णतेने पत्रा वाकू नये म्हणून वेल्डिंग सलग न करता अंतराअंतराने टाके घालत करावे लागते. येथे एक गंभीर धोका आहे. या पिढीत पेट्रोलची टाकी केबिनच्या आत, आसनाच्या मागे असते, आणि रिकाम्या टाकीतली पेट्रोलची वाफसुद्धा ठिणगीने स्फोट घडवू शकते. म्हणून केबिनवर वेल्डिंग करण्याआधी टाकी काढून दूर ठेवणे अनिवार्य आहे. अनेक मालक ती पुन्हा आत न बसवता हौद्याखाली चासीच्या दोन बाजूंमध्ये नवी टाकी लावतात, त्यामुळे केबिनमधला पेट्रोलचा वास जातो. मात्र त्यासाठी स्टेपनीची जागा बदलावी लागते, इंधनाची नळी व मापकाची तार नव्याने ओढावी लागते आणि केबिनच्या बाजूचे जुने तोंड बुजवून पेट्रोल भरण्यासाठी दुसरीकडे सोय करावी लागते.