वासराला चीक, मग बाळाला का नको?



आपल्या कृष्णा-वारणाकाठी गाय व्याली की धनी पहिल्यांदा काय करतो? वार पडायची वाट न बघता वासरू कासेला लावतो. चीक पोटात गेला की वासरू तरतं, हे आपल्याला कुणी शिकवावं लागत नाही. उरलेल्या चिकाचा खरवस करून चार घरी वाटतो. पण त्याच घरात पहिलटकरीण लेक माहेरी बाळंत झाली, की तिचा पिवळसर चीक 'जड असतो, बाधतो' म्हणून पिळून टाकायचा आणि बाळाच्या जिभेवर मधाचं बोट ठेवायचं! सातारा-सांगलीकडच्या बऱ्याच घरांत ही चाल होती. काही घरांतून ती अजून गेलेली नाही. म्हणून आज हा विषय घेतला आहे.

वासराला रोगाशी झुंजायची शक्ती चिकातूनच मिळते. माणसाच्या बाळाला त्यातली काही आईच्या पोटातच मिळते. पण घसा आणि आतडी यांची राखण चीकच करतो. म्हणूनच डॉक्टर त्याला बाळाची पहिली लस म्हणतात. पहिल्या दिवशी तो एका वेळी चमचाभरच येतो. घाबरू नये, बाळाचे पोटही तेवढेच असते. भरपूर दूध उतरायला दोन ते चार दिवस लागतात. मध तर वर्षाच्या आत देऊच नये.

बाळ जन्मल्यापासून तासाभरात अंगावर घ्यावे. सिझेरियन झाले तरी नर्सबाईंच्या मदतीने ते जमते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातील शंभरापैकी ८८ हून अधिक बाळंतपणे दवाखान्यात झालेली दिसली. पण पहिल्या तासात पाजलेली बाळे शंभरात ४२ च्या आसपासच होती. म्हणजे नुसता दवाखाना गाठून भागत नाही, घरच्यांनीही आग्रह धरला पाहिजे. मुंबईत शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ साली मातेच्या दुधाची पेढी काढली, ती आशियातील पहिली. अपुऱ्या दिवसांच्या बाळांसाठी तिथे थेंब थेंब जपतात, आणि आपण घरचे ओतून देतो!

आता पाजण्याची रीत. बाळाचे पोट आईच्या पोटाला लागलेले असावे. त्याने तोंड मोठे उघडले की नुसते बोंड नव्हे, भोवतीचा काळा भागही तोंडात जाऊ द्यावा. हनुवटी छातीला टेकली पाहिजे. सारखे दुखत असेल तर पकड चुकली समजावे, आणि बाळ सोडवून पुन्हा लावावे. दिवसरात्र मिळून आठ ते बारा वेळा पाजावे. बाळ जितके ओढील तितके दूध वाढते. वरचे दूध सुरू केले की अंगावरचे आटू लागते.

'दूध पुरत नाही' ही पहिलटकरणीची नेहमीची काळजी. पाचव्या-सहाव्या दिवसापासून बाळ दिवसाकाठी सहा वेळा लघवी करीत असेल आणि वजन वाढत असेल, तर दूध पुरते आहे. सहा महिने पाणीसुद्धा नको, उन्हाळ्यातही नको. दुधात पाणीच जास्त असते. पुढे मऊ वरणभात, नाचणीची खीर सुरू करावी आणि दोन वर्षे अंगावरही पाजावे. बाळंतिणीचे पाणी तोडू नये, तिला पोटभर जेवू घालावे. बाळ ओढत नसेल, मलूल पडले, अंग तापले किंवा पिवळे दिसले, लघवी कमी झाली, तर लगेच दवाखाना गाठावा. आईची छाती लाल, कडक होऊन ताप आला तरी डॉक्टरांना दाखवावे. पाजणे मात्र थांबवू नये.

शेवटी एक. गळीत हंगामात बीडकडच्या, जतच्या टोळ्या आपल्या फडावर येतात. त्यांतही अंगावर पिणारे मूल पाचटात झोपवून मोळ्या उचलणारी आई असते. तिला सावलीला जागा आणि पाजण्यापुरती सवड देणे मुकादमाच्या आणि फडमालकाच्या हाती आहे. त्याने तोडणी काही अडत नाही. घरची लेक असो वा फडावरची, वासराला जे देतो ते तिच्या बाळाला नाकारू नये, एवढेच आमचे मागणे आहे.