पाच मिनिटांची बॅटरी आणि गावची डीपी

"पाच मिनिटांत फुल चार्ज" ही बातमी दरवर्षी नव्याने येते. जळगाव-धुळ्याच्या वाचकाने ती वाचताना आधी आपल्या शिवारातली डीपी, म्हणजे विजेचे रोहित्र, आठवावी.

जुनी आश्वासने

२०१४ मध्ये इस्रायलच्या स्टोअरडॉट कंपनीने ३० सेकंदांत भरणारा फोन दाखवला. फोनच्या पाठीला भलामोठा बॅटरीचा ठोकळा लावलेला होता, आणि माल बाजारात यायची मुदत २०१६ सांगितली होती. तसा फोन आपल्या कुणाच्या खिशात आला नाही. २०१७ मध्ये अमेरिकेच्या फिस्करने मोटारीच्या घन-अवस्था (सॉलिड-स्टेट) बॅटरीसाठी एका मिनिटाचा दावा केला आणि पुढे तिचा नाद सोडला.

सगळेच खोटे होते असेही नाही. तोशिबाने २००७ मध्ये जाहीर केलेली, पाच मिनिटांत ९० टक्के भरणारी बॅटरी खरोखर आली. तिच्यात ग्रॅफाइटऐवजी लिथियम टायटनेट वापरतात. पण तेवढ्याच वजनात ती साधारण निम्मीच वीज साठवते. बातमीच्या मथळ्यात हे कधी येत नाही.

आत काय होते

लग्नसराईत स्टँडवर एसटी लागली की काय होते, ते डोळ्यासमोर आणा. चार्जिंगमध्ये लिथियमचे आयन ग्रॅफाइटच्या थरांत असेच जागा शोधत शिरतात. सावकाश सोडले तर सगळे बसतात. रेटून सोडले तर काही दारातच अडकतात आणि पृष्ठभागावर धातूचा मुलामा होऊन बसतात. त्यांतले बरेच पुन्हा कामाला येत नाहीत, म्हणून बॅटरीचा जीव कमी होतो. मुलामा वाढत जाऊन आत शॉर्ट झाला, तर आगीचीही भीती. गाडी ८० टक्क्यांनंतर चार्जिंग मंद करते ते यासाठीच.

दुसरी गोष्ट उष्णतेची. करंट दुप्पट केला की तारेत आणि सेलमध्ये उष्णता चौपट होते. बहुतेक लिथियम-आयन सेलना चार्जिंगसाठी ४५ अंशांपर्यंतच मुभा असते. आपल्याकडे मे महिन्यात पारा सावलीतच तिथे टेकतो! प्रयोगशाळेतल्या २५ अंशांवरचा आकडा भुसावळच्या दुपारी जसाच्या तसा कसा मिळेल?

डीपीचा हिशेब

४० युनिटची मोटार पाच मिनिटांत भरायची तर ४८० किलोवॅट लागतात. पाच अश्वशक्तीचे सव्वाशेहून जास्त पाण्याचे पंप एकदम चालू केल्यासारखे हे आहे. गावाकडची डीपी बहुधा ६३ किंवा १०० केव्हीएची. म्हणजे १०० केव्हीएच्या पाच डीपी एका गाडीला! केळीला पाणी भरायच्या दिवसांत डीपी जळाली की काय हाल होतात, हे रावेर-यावलमध्ये कुणाला सांगायला नको. मार्च २०२५ मध्ये चीनच्या बीवायडीने पाच मिनिटांत ४०० किलोमीटरची घोषणा केली, तिला तर १,००० किलोवॅटचा चार्जर लागतो. बॅटरी तयार असेलही, वायर कुठून ओढणार? चार्जिंग स्टेशनवरच मोठा बॅटरीसाठा ठेवून तो दिवसभर सावकाश भरता येतो. पण तो खर्च शेवटी युनिटच्या दरातच येणार.

नागपूरचा अनुभव

मे २०१७ मध्ये नागपुरात ओलाने इलेक्ट्रिक टॅक्सी सुरू केल्या. काही महिन्यांतच चालकांची तक्रार आली ती चार्जिंगच्या रांगेची. रांगेत गेलेला वेळ म्हणजे बुडालेले भाडे. त्यांना चमत्कारापेक्षा आणखी चार चालू चार्जर हवे होते.

जाहिरात वाचताना

किती टक्क्यांपासून किती टक्क्यांपर्यंत? एका सेलवरचा आकडा की पूर्ण पॅकवरचा? किती अंशांवर? अशा रोजच्या चार्जिंगनंतर वॉरंटी टिकते का? तीन युनिटची स्कूटर असेल तर हा खल कशाला. रात्री घरच्या प्लगवर चार-पाच तासांत ती भरते. मोटारवाल्याची अडचण मात्र खरी आहे. मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर हे दोन्ही रस्ते धुळ्यात एकमेकांना छेदतात. तिथे ६० किलोवॅटचा चालू चार्जर मिळाला, तर शेवभाजी-भाकर खाऊन हात धुवेपर्यंत तीच ४० युनिटची गाडी १० वरून ८० टक्क्यांवर येते.