ईश्वरी योजना व आपलें जीवनकार्य

शालान्त परीक्षेचे दिवस जवळ आले, म्हणजे वरच्या वर्गांतील एखादा विद्यार्थी शाळा सुटल्यावर मागें रेंगाळतो आणि संकोचानें विचारतो, "सर, मी पुढें काय व्हावें अशी देवाची इच्छा आहे, हें मला कसें कळेल?" कांहीं दिवसांपूर्वीं हाच प्रश्न एका माजी विद्यार्थ्यानें निराळ्या शब्दांत विचारला. डॉक्टर होण्याची त्याला लहानपणापासून हौस. त्यासाठीं घरीं नित्य प्रार्थना होत असे. परंतु वैद्यकीय महाविद्यालयांत प्रवेश मिळाला नाहीं. "सर, देवाला मी नको आहें काय?" असें तो म्हणाला. त्या वेळीं त्याच्याशीं जें बोललों, तेंच येथें थोड्या विस्तारानें मांडीत आहें.

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. ईश्वरी योजना म्हणजे जन्मभराचा संपूर्ण नकाशा आणि तो प्रार्थना केल्याबरोबर हातीं पडावा, अशी आपली कल्पना असते. पवित्र शास्त्रांत असें क्वचितच दिसतें. अब्राहाम निघाला, तेव्हां आपण कोठें जात आहों, हें त्याला ठाऊक नव्हतें. पौलानें बिथुनियांत जाण्याचा यत्न केला, तों ती वाट बंद झाली. त्रोवसास पोहोंचल्यावर मासेदोनियाचें दर्शन त्याला झालें. बाल शमुवेलाला तर देवाची हाकही प्रथम ओळखतां आली नाहीं. वृद्ध एलीनें ती ओळखण्यास शिकविलें. तात्पर्य, देव बहुधा सबंध रस्ता दाखवीत नाहीं; पुढचें एक पाऊल दाखवितो. तें टाकणाऱ्यालाच त्याच्या पुढचें दिसतें.

आपल्याच महाराष्ट्रांत ज्यांचें कार्य उभें राहिलें, त्या पंडिता रमाबाईंचें (१८५८–१९२२) चरित्र या दृष्टीनें पाहण्यासारखें आहे. त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनीं लोकापवाद सोसून पत्नीस संस्कृत शिकविलें, व आईपाशीं रमाबाई शिकल्या. पुढें दुष्काळांत वडील, आई व थोरली बहीण त्यांनीं गमाविली. १८८२ मध्यें पतीही निवर्तले. पदरीं तान्ही मनोरमा. १८८३ मध्यें त्या इंग्लंडास गेल्या. वैद्यकी शिकून स्वदेशांतील स्त्रियांची सेवा करावी, हा त्यांचा हेतु होता. हेतु किती उत्तम! परंतु कानांनीं नीट ऐकूं येत नसल्यामुळें तो मार्ग खुंटला.

माझ्या विद्यार्थ्याला मीं विचारलें, "त्या दिवशीं रमाबाईंना काय वाटलें असेल?"

वाट बंद झाली म्हणून रमाबाई बसून राहिल्या नाहींत. त्याच वर्षीं त्यांनीं ख्रिस्ताचा स्वीकार करून बाप्तिस्मा घेतला. नंतर चेल्टनहॅम येथील स्त्रियांच्या महाविद्यालयांत त्या संस्कृत शिकवूं लागल्या व स्वतःही शिकत राहिल्या. १८८६ मध्यें आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभाकरितां त्या अमेरिकेस गेल्या. तेथें हिंदुस्थानांतील विधवांची स्थिति त्यांनीं लोकांपुढें मांडली, तेव्हां दहा वर्षें साहाय्य देण्यासाठीं बोस्टन येथें एक मंडळ स्थापन झालें. या आधारावर ११ मार्च १८८९ रोजीं मुंबईस शारदासदन उघडलें. पुढें आनंदीबाई कर्वे म्हणून प्रसिद्धीस आलेल्या गोदूबाई याच सदनाच्या पहिल्या विद्यार्थिनींपैकीं होत.

वाट सांपडली म्हणजे ती सोपी असते, असेंही नाहीं. सदन पुण्यास आल्यावर धर्मांतराच्या प्रश्नावरून वाद माजला. १८९३ मध्यें सल्लागार मंडळींनीं अंग काढून घेतलें व अनेक पालकांनीं मुली घरीं नेल्या. तरी काम थांबलें नाहीं. सदनाला कायमचें उत्पन्न असावें म्हणून रमाबाईंनीं केडगांव येथें फळबागेसाठीं जमीन घेतली. नंतर १८९६–९७ चा दुष्काळ पडला. दुष्काळानें अनाथ होणें म्हणजे काय, हें त्या स्वतः जाणत होत्या. मध्यप्रांतांत जाऊन त्यांनीं शेंकडों मुली व स्त्रिया आणल्या. त्यांना आश्रय मिळाला तो केडगांवच्याच जमिनीवर. तेथें 'मुक्ति' उभें राहिलें. आयुष्याच्या उत्तर भागांत त्या हिब्रू व ग्रीक भाषा शिकल्या आणि मूळ भाषांवरून सोप्या मराठींत पवित्र शास्त्राचें भाषांतर केलें. तें काम पुरें करून ५ एप्रिल १९२२ रोजीं त्या प्रभूकडे गेल्या.

आईपाशीं केलेलें अध्ययन, दुष्काळाचें दुःख, वैधव्य, इतकेंच नव्हे तर बंद झालेली वैद्यकीची वाट, यांतील कांहींच वायां गेलें नाहीं. पण हें मागें वळून पाहणाऱ्याला दिसतें. चालतांना त्यांना एकेक पाऊलच दिसत होतें.

मग आपण आपलें पाऊल कसें ओळखावें? माझ्या अल्प अनुभवाप्रमाणें चार गोष्टी सांगतों.

पहिली गोष्ट, देवाची जी इच्छा आधींच स्पष्ट आहे, ती पाळावी. खरें बोलावें, आईबापांचा मान राखावा, शेजाऱ्यावर प्रीति करावी, यासाठीं वेगळ्या दर्शनाची जरुरी नाहीं. रोज शास्त्र वाचून प्रार्थना करणाऱ्याला प्रभूचा शब्द हळूहळू ओळखूं येऊं लागतो.

दुसरी, देवानें दिलेलीं दानें तपासावींत. ज्याला गणित आवडतें त्यानें तें सोडून, केवळ प्रतिष्ठा आहे म्हणून दुसरीकडे जाऊं नये.

तिसरी, भोंवतालची गरज पाहावी. गरज दिसणें हें पुष्कळदां हांक येण्यासारखेंच असतें.

चौथी, वडील माणसांचा सल्ला घ्यावा. शमुवेलालाही एली लागला.

येथें एक इशारा अवश्य आहे. वर्षभर पुस्तक न उघडतां नापास झाल्यावर "देवाची इच्छा!" म्हणणें हा आळस होय, श्रद्धा नव्हे. यत्न पुरा करून मग दार बंद झालें, तरच त्या दारापाशीं देवाला प्रश्न विचारावा. तसेंच धर्मोपदेशक किंवा डॉक्टर झालें तरच देवाची सेवा घडते, असेंही नाहीं. प्रभु येशूनें नासरेथांत सुताराचें काम केलें; शेतकरी, कारकून व गृहिणी यांचें प्रामाणिक कामही त्याला प्रिय आहे.

माझा तो विद्यार्थी सध्यां परिचारकाचें शिक्षण घेत आहे. आपली अखेरची वाट हीच कीं दुसरी, हें त्याला ठाऊक नाहीं, मलाही नाहीं. मात्र परवां भेटला तेव्हां मूळ प्रश्न त्यानें विचारला नाहीं. रात्रपाळीला झोंप न येणाऱ्या एका वृद्ध रोग्याविषयीं तो बराच वेळ सांगत होता.

विद्यार्थिमित्रहो, शाळेचा निरोप घेतांना सबंध रस्ता दिसत नाहीं म्हणून भिऊं नका. आज जें काम हातीं आहे, तें प्रभूकरितां नीट करा. उद्यांचें पाऊल उद्यां तोच दाखवील.