सहलीच्या अर्जावर आजार लिहा

पावसाळा सरला, सहामाही परीक्षा आटोपली, की शाळा-कॉलेजांच्या सहलींचे दिवस सुरू होतात. पूर्वी सहल म्हणजे महाबळेश्वर, पन्हाळा, फार तर गणपतीपुळे. आता मुलांना साहस शिबिर हवे असते. त्यात रायगड जिल्ह्यातील कोलाडचे नाव सर्वांच्या तोंडी आहे. कुंडलिका नदीच्या काठी तंबूत मुक्काम, रात्री शेकोटी आणि सकाळी रबरी तराफ्यात बसून खळाळत्या पाण्यातून राफ्टिंग. मुलांनी अशा शिबिराला जरूर जावे, असेच माझे मत आहे. मात्र निघण्यापूर्वी दोन गोष्टींची माहिती हवी. एक आपल्या शरीराची आणि दुसरी त्या नदीची.

शिबिराच्या अर्जाबरोबर पुष्कळदा डॉक्टरांचे प्रमाणपत्र मागतात. मागे एकदा एका महाविद्यालयाचे प्राध्यापक बेचाळीस अर्जांचा गठ्ठा घेऊन माझ्या दवाखान्यात आले. “डॉक्टरसाहेब, नुसता सही-शिक्का हवाय. पोरं सगळी ठणठणीत आहेत.” मी म्हणालो, “सर, ठणठणीत पोरांना दवाखान्यात पाठवायला मग हरकत काय?” सरांनी मनावर घेतले. तीन संध्याकाळी मुले येऊन तपासून गेली.

बहुतेक खरोखरच ठणठणीत होती. पण एक मुलगा तपासणी झाल्यावरही उठेना. बाहेरची मुले गेल्यावर हळूच म्हणाला, “डॉक्टर, मला फिट येतात. गोळ्या चालू आहेत. चार महिन्यांपूर्वी आली होती.” अर्जात आजाराच्या रकान्यात त्याने ‘नाही’ लिहिले होते. कारण विचारले, तर म्हणाला, “बाबांनीच सांगितलं, कुठं बोलू नको. ताईचं लग्न ठरायचंय.”

वाचकहो, या एका ‘नाही’ची किंमत काय झाली असती? पाण्यात फिट आली की माणूस ओरडत नाही, हात हलवून बोलावत नाही. शुद्ध जाते आणि तोंड पाण्याखाली जाते. लाइफ जॅकेट तरंगते ठेवते, पण बेशुद्ध माणसाचे तोंड पाण्याबाहेर राहीलच अशी खात्री वाहत्या पाण्यात देता येत नाही. त्यातून शिबिरातली दिनचर्या फिटला आमंत्रण देणारी. शेकोटीभोवती रात्रभर जागरण आणि गडबडीत राहून गेलेली गोळी, ही फिट येण्याची दोन मोठी कारणे आहेत.

मी त्याला शिबिराला जाऊ नको असे म्हटले नाही. राफ्टिंग, पोहणे आणि दोरावरून उतरणे एवढे टाळायचे, असे ठरले. त्याच्या संमतीने फक्त सरांना विश्वासात घेतले. रात्रीची गोळी सरांसमोर घ्यायची आणि दहाला झोपायचे. तो गेला, तंबूत राहिला, सकाळी सरांबरोबर गाडीने पुढे जाऊन काठावरून सगळ्यांचे फोटो काढले. त्याच्या वडिलांना मी एवढेच म्हणालो, “लग्न आज ना उद्या ठरेल. पण नदीकाठी मुलाला काय होतंय हे सोबतच्यांना कळायलाच हवं.”

दुसरी एक मुलगी दम्याची. आई म्हणाली, “डॉक्टरसाहेब, पंप मी घरीच ठेवायला सांगितलाय. चारचौघांत ओढला की लोक काहीबाही बोलतात. सवयही लागते म्हणे.” पंपाची सवय लागत नाही. थोडे औषध थेट श्वासनलिकेत पोचवण्याचे ते साधन आहे. शेकोटीचा धूर, पहाटेचा गारठा आणि धुळीच्या सतरंज्या यांनी दमा उसळू शकतो. घरी ठेवलेला पंप तिथे काय कामाचा? तो पाणी न शिरणाऱ्या पिशवीत घालून जवळ ठेवावा आणि दुसरा शिक्षकांकडे द्यावा. इन्सुलिन घेणाऱ्या मुलांनीही शिक्षकांना सांगावे. वल्ही मारताना साखर एकदम उतरू शकते. ग्लुकोज हाताशी हवे.

आता नदीविषयी. मुळशीच्या जलाशयातले पाणी सह्याद्रीवरून खाली भिऱ्याच्या जलविद्युत केंद्रात येते आणि वीज तयार झाल्यावर कुंडलिकेत सोडले जाते. म्हणूनच पावसाळा संपल्यावरही तेथे राफ्टिंग होते आणि तेही बहुधा सकाळी, पाणी सोडल्यावर. याचा दुसरा अर्थ असा, की एका वेळी कोरडा असलेला खडक दुसऱ्या वेळी पाण्याखाली असतो. ८ जून २०१४ रोजी हिमाचल प्रदेशात मंडी जिल्ह्यात बियास नदीच्या पात्रात हैदराबादचे अभियांत्रिकीचे विद्यार्थी खडकांवर उभे राहून फोटो काढत होते. वरच्या लारजी जलविद्युत प्रकल्पाच्या धरणातून पाणी सुटले आणि २४ विद्यार्थी वाहून गेले. तेव्हा मोकळ्या वेळेत कोणीही आपल्या मनाने पात्रात उतरू नये. विहिरीत पट्टीचा पोहणारा वाहत्या नदीत पट्टीचा ठरतोच असे नाही. लाइफ जॅकेटचे सर्व पट्टे आवळलेले हवेत आणि डोक्यावर हेल्मेट हवे.

कोणी बुडू लागलाच, तर त्याच्यामागे उडी घेऊ नये. एकाला वाचवताना दोघे जातात. काठावरून दोर, बांबू किंवा हवाबंद रिकामा कॅन द्यावा. बाहेर काढलेल्याला उलटे टांगणे, पोटावर दाबणे, गोल फिरवणे हे प्रकार बंद करा. त्यात वेळ जातो आणि पोटातले पाणी व अन्न श्वासनलिकेत जाऊ शकते. मेंदूला चार-सहा मिनिटे प्राणवायू मिळाला नाही, तर कायमची इजा होऊ लागते. श्वास थांबला असेल, तर उताणे झोपवून, हनुवटी वर करून, नाक दाबून प्रथम तोंडाने श्वास द्यावेत. मग छातीच्या मध्यावर ३० वेळा जोराने दाबावे, नंतर २ श्वास, असे मदत येईपर्यंत चालू ठेवावे. दाब मिनिटाला १०० ते १२० या गतीने आणि मोठ्या माणसाची छाती पाच सेंटिमीटर खाली जाईल असा हवा. दुसऱ्याने १०८ ला फोन करावा. शुद्धीवर आला तरी रुग्णालयात न्यावेच. फुप्फुसाचा त्रास काही तासांनीही सुरू होतो.

जमिनीवर फिट आली, तर कुशीवर वळवा, डोक्याखाली मऊ काही ठेवा, तोंडात चमचा घालू नका, कांदा-चप्पल हुंगवू नका. पाच मिनिटांत फिट थांबली नाही, तर १०८ ला बोलवा.

शिक्षकांनीही निघण्यापूर्वी चौकशी करावी. महाराष्ट्र शासनाचे साहसी पर्यटन धोरण २०२१ मध्ये आले आहे. शिबिर चालवणाऱ्यांची पर्यटन विभागाकडे नोंदणी आहे का, सुटकेसाठी वेगळी होडी सोबत असते का, जवळचे रुग्णालय किती दूर आहे, हे विचारायला संकोच नको.

आणि पालकहो, सहीसाठी अर्ज घरी येईल तेव्हा पैशांचा आकडा पाहण्याआधी आजाराचा रकाना पाहा. फिट, दमा, मधुमेह, हृदयाचा आजार, औषधाची ॲलर्जी, जे असेल ते स्वच्छ अक्षरांत लिहा. सोबतच्या शिक्षकांना ते ठाऊक असले, तर वेळेला पहिली मदत त्यांच्याच हातून मिळेल.