तीन राजधान्या, अडीच दिवस

युरोपच्या उत्तरेस जाणारे आपले लोक हल्लीं एकाच फेरींत दोन-तीन राजधान्या पाहून येतात. सकाळीं हेलसिंकीच्या बंदरांतून बोट निघाली, कीं फिनलंडचें सुमारें ८० किलोमीटरांचें आखात ओलांडून दोन-अडीच तासांत ती टॅलिनला लागते. न्याहारी एका राजधानींत आणि जेवण दुसरींत! पुष्कळांना या गोष्टीचा हेवा वाटतो. परंतु तसें वाटण्याचें कारण नाहीं. छत्रपती संभाजीनगर येथें मुक्काम ठेवला, तर एवढ्याच टापूंत आपणांसही तीन राजधान्या पाहतां येतात. भेद इतकाच, कीं त्या दोन नगऱ्या आज एकाच वेळीं नांदत आहेत, आणि आपल्या एकीमागून एक नांदल्या. म्हणूनच त्या कोणत्या क्रमानें पाहाव्या, हा प्रश्न येथें महत्त्वाचा आहे.

प्रवासी बहुधा तो प्रश्न स्वतःस विचारीतच नाहीं. वेरूळला जातां जातां देवगिरी, परततांना मकबरा, आणि वेळ उरलाच तर पैठणला जाऊन एक पैठणी, असा त्याचा बेत असतो. अशानें पाहिलें पुष्कळ जातें, उमगत मात्र फारसें नाहीं. माझी सूचना अशी, कीं अडीच दिवस हाताशीं ठेवावे, काळाचा क्रम धरावा, आणि प्रत्येक ठिकाणीं पहिली चौकशी पाण्याची करावी. एवढी वस्ती येथें कशाच्या आधारावर राहिली, हें त्यावरून चांगलें कळतें.

पहिला दिवस पैठणचा. तें शहराच्या दक्षिणेस सुमारें ५० किलोमीटरांवर आहे. सातवाहनांचें प्रतिष्ठान तें हेंच. इसवी सनाच्या पहिल्या शतकांतील एका ग्रीक समुद्रवर्णनांत पैठण हें भडोचपासून वीस दिवसांच्या वाटेवर असल्याचें लिहिलें आहे. तेथून अकीकाचे खडे गाड्यांतून भडोचला जात. आपल्या पंचांगांतील शालिवाहन शकही परंपरेनें याच नगरीशीं जोडला जातो. मात्र सातवाहनांचा वाडा शोधूं नये. जुन्या वस्तीची पांढर आणि गोदावरी, एवढेंच येथें त्या काळाचें उरलें आहे. नाथांच्या समाधीचें दर्शन घेऊन घाटावर निवांत बसावें. नाथषष्ठीस अलोट गर्दी असते, तेव्हां वारीसाठीं जावयाचें नसेल तर ते दिवस टाळावे. परततांना नाथसागर पाहावा. १९६५ मध्यें पायाभरणी होऊन १९७६ मध्यें पुरें झालेलें हें जायकवाडीचें धरण. कित्येक दिवसांच्या अंतरानें नळाला पाणी येण्याचा त्रास सोसलेलें संभाजीनगर शहर आज याच पाण्यावर जगतें. सर्वांत धाकटी राजधानी थोरलीच्या नदीचें पाणी पिते, हें ध्यानांत ठेवून दुसऱ्या दिवशीं गड चढावा.

देवगिरी शहरापासून अवघ्या १५ किलोमीटरांवर आहे. तेथें उजाडतांच पोहोंचावें, सोबत पाणी व विजेरी घ्यावी. चैत्र-वैशाखांत तर जाऊंच नये. यादवांच्या या राजधानीवर १२९६ मध्यें अल्लाउद्दीन खिलजी चालून आला, आणि १३२७ मध्यें महंमद तुघलकानें दौलताबाद असें नांव देऊन दिल्लीचा कारभार येथें आणला. शाळेंत ही गोष्ट आपण लहरीपणाचा नमुना म्हणून वाचतों. परंतु तासून उभे केलेले कडे, खडकांतील खंदक आणि अंधारी पाहिल्यावर, दक्षिण राखावयाची तर ठाणें येथेंच असावें असें कोणासही वाटेल. माझ्या मतें त्याची निवड चुकली नव्हती. प्रजेला ओढून आणण्याची रीत चुकली. हत्ती हौद मात्र न चुकतां पाहावा. गडाच्या पायथ्याशीं एवढा प्रचंड हौद बांधावा लागला, यावरून पाण्याची चिंता किती होती तें दिसतें.

पुढें कागजीपुऱ्यास हातकागदाचा जुना धंदा आहे, आणि त्यापुढें खुलताबाद. मलिक अंबर, औरंगजेब आणि पहिला निजाम आसफजाह हे तिघेही या एकाच लहानशा गांवांत विसांवले आहेत. औरंगजेबाच्या कबरीचा साधेपणा मकबऱ्यापूर्वीं पाहिलेला बरा. वेरूळचीं लेणीं मंगळवारीं बंद असतात. तेव्हां हा दिवस मंगळवारीं आला तरी कांहीं बिघडत नाहीं.

उरलेला अर्धा दिवस शहराचा. निजामशाहीचा वजीर मलिक अंबर यानें १६१० मध्यें खडकी वसविली. मोठी नदी नाहीं, गड नाहीं. अशा जागीं त्यानें डोंगरपायथ्याचा झिरपा जमिनीखालच्या बोगद्यांत गोळा केला आणि नुसत्या उतारानें शहरांत आणला. ही नहर-ए-अंबरी. १६५३ मध्यें दख्खनचा सुभेदार होऊन आलेल्या औरंगजेबानें शहराला आपलें नांव दिलें, तें २०२३ मध्यें बदललें. निजामाची राजधानी १७६३ मध्यें हैदराबादेस गेली. पुढील नहरी याच पद्धतीच्या. पाणचक्कीवर नळानें आलेलें पाणी उंचावरून पडतें. त्याच्याच जोरावर दर्ग्यांतील फकीर व यात्रेकरू यांचें धान्य दळलें जाई. समोरच्या हौदाचा तळ हेंच खालच्या प्रशस्त दालनाचें छत आहे, हें मुद्दाम विचारून पाहावें. नाहीं तर कोणी सांगत नाहीं.

आणखी एक दिवस मिळाल्यास निजामशाहीची राजधानी अहमदनगर, म्हणजे आतांचें अहिल्यानगर, पाहून यावें. तें मात्र शंभर किलोमीटरांहून अधिक दूर आहे. परतीच्या गाडीपूर्वींच्या दोन तासांत तें बसविण्याचा प्रयत्न करूं नये.